सशाला आंघोळ घालू नका!

हे वाक्य आधीच लिहून टाकते. दिवाळी अंक चाळणारे पुष्कळ जण पहिल्या चार ओळी वाचून पान उलटतात. त्यांच्या हाती निदान एवढं तरी लागावं. सशाला आंघोळ घालू नका. थंडीत नको, पावसात नको आणि उन्हाळ्यात तर नकोच नको. शाम्पूने नको, बाळाच्या साबणाने नको, ‘नुसतं विसळून काढतो हो’ तेही नको. ससा म्हणजे पायपुसणं नव्हे.

संपादकांनी मला कामातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, नाही असं नाही. पण या वर्षी मला हसण्यापेक्षा संताप जास्त आलाय आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे. तोच लिहिते.

पाळीव प्राण्यांची निगा शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी प्रचारक आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके माझ्याकडे. पत्रकं लिहायची, पिशवीत भरायची, जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि शाळा, बाजार, हॉटेलं, लोकांची अंगणं असं हिंडत वाटायची. सहा वर्षं हेच करतेय. गाईबैलांना सरकारी डॉक्टर आहेत, कुत्र्यांना लसीची मोहीम आहे. ससे कोणालाच नको होते, म्हणून ते सगळ्यांत लहान माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आले.

सुरुवातीला लोक हसायचे. दाभोशात एका आजोबांनी माझं पत्रक उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, “बाय, आमच्या बापानं सशापायी जाळं घेऊन डोंगर पालथा घातला. आनि तू सांगतंस, त्याला सावलीत बसव?”

“हा पांढरा आहे, आजोबा. पाळायचा.”

“पाळून काय देतो? दूध?”

“काही देत नाही.”

“मंग तो पावनाच झाला की,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी पत्रकाची घडी घालून तंबाखूच्या पिशवीत ठेवली.

हे पाहुणे येतात कुठून? जत्रेतून. प्लास्टिकच्या रंगीत पिंजऱ्यात, भर उन्हात, आईच्या दुधावरून तोडलेली मुठीएवढी पिल्लं विकायला ठेवतात. सुट्टीत मुलांना खेळणं हवं म्हणून आईबाप घेतात. शाळा सुरू झाली की खेळणं जड होतं. मग गाडी घाटात थांबवून ‘निसर्गात सोडतो’. पांढराशुभ्र, पिंजऱ्यात वाढलेला, कुत्र्यालाही न घाबरणारा प्राणी जंगलात सोडणं म्हणजे त्याचं ताट वाढणं. सोडणाऱ्यांना मी दोनदा घाटात गाठलंय. दोन्ही वेळा त्यांनी मला विचारलं, “तुमचा काय संबंध?”

आणि जे घाटात सुटत नाहीत, ते हॉटेलांच्या हिरवळीवर येतात. माझी गोष्ट तिथली आहे.

खोडाळ्याकडून सूर्यमाळकडे चढताना रस्त्याला लागून एक पर्यटक निवास आहे. नाव देत नाही. हिरवळ, झोपाळे आणि एका कोपऱ्यात तारेच्या जाळीचं, वर पत्रा ठोकलेलं खुराडं. त्यात नऊ ससे. मुलांनी उचलायचे, आयांनी फोटो काढायचे. सशांकडे बघायला सोनीबाई नावाच्या मावशी होत्या. पन्नाशीच्या. वरच्या पाड्यावरून पायी येत, खोल्या झाडत, ससे बघत आणि संध्याकाळी पायी परत जात. त्यांच्या पाड्यातली बहुतेक घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. या नोकरीमुळे सोनीबाई दोन वर्षं गेल्या नव्हत्या. एवढं लक्षात ठेवा.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती मार्चमध्ये. खुराड्याला उग्र वास येत होता, कारण सशाच्या मुतातून नाकाला झोंबणारा वायू सुटतो आणि नऊ जणांना ती जागा अपुरी होती. तारेच्या तळावर बसून बसून दोघांचे तळपाय सोलले होते. एका कोपऱ्यात कोणीतरी भाताचा पेंढा पसरला होता आणि त्यावर अर्धा फुटलेला डेरा आडवा टाकला होता. डेऱ्याभोवती ओली माती थापलेली. आत एक राखाडी मादी बसली होती, भुरी नाव तिचं.

माझ्या पत्रकात चौथा मुद्दा होता : ‘पिंजऱ्यात जुनी, तुटकी भांडी व टाकाऊ वस्तू ठेवू नयेत. तळ धुता येईल असा असावा.’ मी पत्रकाबरहुकूम चालणारी बाई. मला तो डेरा दिसला आणि मी सोनीबाईंवर घसरले. मालक उभे होते, स्वयंपाकी उभा होता, ठाण्याहून आलेलं एक कुटुंब झोपाळ्यावर होतं. त्या सगळ्यांसमोर.

“मावशी, हा काय उकिरडा केलाय? हे ससे किती घाण झालेत बघा. साफ कोण करणार यांना?”

सोनीबाई हातातला खराटा न सोडता म्हणाल्या, “अंग नाय मॅडम घान. पेंढा बदलायचा हाय, तो बदलते. त्याला ओल नाय चालत.”

“ओल चालत नाही आणि घाण चालते का?”

माझं हे वाक्य मला फार आवडलं होतं. जीपमध्ये बसल्यावर मी ते मनातल्या मनात पुन्हा म्हणूनही बघितलं होतं.

आता जरा थांबून धंद्यातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सशाला घाम येत नाही. त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. म्हणून उन्हाळ्यात आधी कान धरून बघायचे (उचलायला नव्हे, कानांनी उचलणाऱ्याचे कान मी पिळीन). कान तापलेले, नाक ओलं, तोंड उघडं, धाप लागलेली, ससा पसरून पडलेला आणि हाक मारली तरी डोकं उचलत नाही, म्हणजे उष्माघात सुरू झाला. अशा वेळी त्याला सावलीत, वाऱ्याला न्यायचं आणि साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कानांवरून फिरवायचं. बर्फाचं पाणी नाही. बादली नाही. मग डॉक्टरला फोन.

आणि स्वच्छता? ससा मांजरासारखा स्वतःला चाटून साफ ठेवतो. आपण त्याची जागा साफ ठेवायची. भिजलेला पेंढा रोज काढायचा, उरलेला पाला सडायच्या आत उचलायचा, पाण्याचं भांडं दोनदा धुवायचं, गळणारे केस विंचरून काढायचे. आणि सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघायचं. तिथे लेंड्या चिकटून राहिल्या तर गरमीत माशी अंडी घालते आणि एका दिवसात जिवंत कातडीत किडे पडतात. तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची. संपलं. सशाची लोकर इतकी दाट असते की ती पुरती भिजली तर तासन्‌तास वाळत नाही. शिवाय पाण्यात धरला की तो भीतीने असा झटका देतो की त्याचा स्वतःचा कणा मोडतो, नाहीतर जागीच हाय खातो.

हे सगळं मला माहीत होतं. आमच्या संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की पत्रकात ते लिहायचं कोणाला सुचलंच नाही. बारा मुद्दे होते. ‘स्वच्छता राखा’ तीनदा होतं. ‘आंघोळ घालू नका’ एकदाही नव्हतं.

मेच्या एका शनिवारी मी पुन्हा गेले. मालकांनी फाटकातच स्वागत केलं. “या मॅडम, या! तुम्ही सांगितलंत आणि आम्ही सगळं बदलून टाकलं.”

बदललं होतं. पेंढा गेला होता, डेरा गेला होता. खाली फरशी, वर तोच पत्रा. माझं पत्रक प्लास्टिकमध्ये घालून खांबाला लावलेलं. आणि खुराड्यासमोर दोन बादल्या, गुलाबी शाम्पूची बाटली आणि ओळीने मांडलेले नऊ ओलेचिंब ससे. लोकर अंगाला चिकटली की ससा केवढासा उरतो, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं.

“दर शनिवारी पाहुणे यायच्या आधी,” मालक म्हणाले. “वास म्हणून नाही आता!”

सोनीबाई बादलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत फेसात. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या बादलीकडे बघून म्हणाल्या, “आमच्या हिरीत बायका वाटीनं पानी भरतात. मी घरी दोन तांब्यांत आंघूळ करते. याला दोन बादल्या. मॅडमनी सांगितलंय.”

“मी आंघोळ सांगितली नव्हती, मावशी!”

“नाय सांगितली?” आता त्यांनी वर बघितलं. “मंग साफ कसा करायचा, ते काय सांगितलंस?”

पुढचे दोन तास मला नीट सांगता येणार नाहीत. मी टॉवेल मागितले. मालक म्हणाले, पाहुण्यांचे आहेत. मी ओरडले, मग मिळाले. एकाचे मागचे पाय आंघोळीतच लुळे पडले होते. आम्ही त्यांना एकेक करून पुसत, स्वयंपाकघरामागच्या सावलीत नेत होतो. पत्रा तोपर्यंत असा तापला होता की त्याच्याखाली उभं राहवेना. पशुवैद्यक डॉक्टर फोनवर होते. ते लांबच्या गावात होते. मी विचारेन तसं सांगत होते आणि मी करत होते. तरी चार गेले. फार आवाज न करता, एकामागून एक.

मध्येच लक्षात आलं की सोनीबाई नाहीत. भुरीही नाही. शोधलं तर त्या मागच्या कुडापाशी बसल्या होत्या. कारवीच्या काठ्यांची, शेणाने सारवलेली ती जुनी भिंत. आडोशाला वारा छान खेळत होता. आणि तिथे तो फुटका डेरा होता. टाकून दे म्हटलेला डेरा त्यांनी टाकला नव्हता, मागे नेऊन मातीत अर्धा पुरला होता. भुरीला आपल्या पदराने कोरडी करून त्यांनी आत बसवलं होतं आणि डेऱ्याच्या बाहेरच्या मातीवर वाटीवाटीने पाणी शिंपडत होत्या. आत एक थेंब नाही. मी हात घातला. आत माठातल्यासारखा गारवा होता आणि कोरडंठाक होतं.

“बाहेरून ओल, आतून कोरडं,” सोनीबाई म्हणाल्या. “आमी कोंबडीची अंडी बी अशीच ठेवतो उन्हाळ्यात.”

भुरीचं नाक हलत होतं. हलणारं नाक इतकं सुंदर दिसतं, हे सांगून कळणार नाही.

मी मागून पुढे आले, माझ्यामागोमाग सोनीबाईही आल्या, तर पाहुणे जमलेले. एक बाई मोबाइलवर मेलेल्या सशांचं चित्रण करत होती. तिच्या मोबाइलकडे बघत, सोनीबाईंकडे बोट दाखवून मालक मोठ्याने म्हणाले, “या बाईचं काम आहे हे. गार पाणी ओतलं असणार. सांगितलेलं डोक्यात शिरत नाही या लोकांच्या. उद्यापासून येऊ नको गं.”

सोनीबाईंनी ओले हात पदराला पुसले, चपला पायात घातल्या आणि निघाल्या. जाताना मागचा डेरा मातीतून उपसून त्याच्यासकट भुरी उचलून घेतली. मालकांनी अडवलं नाही. मरायला टेकलेला ससा त्यांना नकोच होता.

मग ते माझ्याकडे वळले. अशा घटनेचा एक अहवाल मला भरावा लागतो. त्यात ‘मृत्यूचं कारण’ असा रकाना असतो. “मॅडम, देखभाल करणाऱ्या महिलेचा निष्काळजीपणा, एवढंच लिहा. ते चित्रण पसरणार आता. तुमच्याही संस्थेचं पत्रक दिसतंय त्यात, बरं का.”

मी ऑफिसला फोन लावला. आमच्या वरिष्ठ मॅडमनी आधी किती गेले ते विचारलं. मग म्हणाल्या, “उष्णतेची लाट लिही. खोटं नाही ते. पत्रकाचा उल्लेख कशाला?”

मला त्या फोनचा राग येतो, मालकांचा येतो, त्या चित्रण करणाऱ्या बाईचा येतो. तिने टॉवेल धरायला एक हात दिला असता तर पाचाचे सहा वाचले असते. पण सगळ्यांत जास्त राग येतो तो मार्चमधल्या त्या ऐटीत बोललेल्या वाक्याचा. ज्या बाईला सशाचं सगळं कळत होतं, तिच्या हातून मी ससे बुडवून घेतले. तिने सांगितलं होतं, ओल चालत नाही. माझ्या हातात छापील कागद होता आणि तिच्या हातात खराटा होता, एवढ्यावर मी ठरवलं की शहाणं कोण.

मी रकान्यात लिहिलं : ‘भर उन्हात घातलेली आंघोळ. आंघोळ मालकांच्या सांगण्यावरून. सांगण्याचं मूळ आमच्या पत्रकातली त्रुटी आणि प्रचारकाने दिलेली चुकीची समज. देखभाल करणाऱ्या महिलेने धोक्याची सूचना आधी दिली होती.’ खाली सही केली. ऑफिसात दोन महिने माझ्याशी कोणी धड बोललं नाही. पण पत्रक बदललं. पहिल्या ओळीत, जाड अक्षरात : सशाला आंघोळ घालू नका. तिसऱ्या मुद्द्यात फुटका डेरा आहे, चित्रासकट.

पाऊस सरताना नवं पत्रक घेऊन मी सोनीबाईंच्या पाड्यावर गेले. भुरी ओट्याखालच्या डेऱ्यात होती, गुबगुबीत झालेली. मी पत्रक वाचून दाखवलं. सोनीबाई नागलीच्या पिठाने भरलेले हात तसेच धरून ऐकत होत्या.

“हे तर मी तुला तवाच सांगितलं होतं.”

“हो, मावशी.”

“तवा लिवून घेतलं असतंस तर चार ससं वाचलं असतं.”

“हो.”

मालकांचा निरोप आला होता, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येणार, नवे ससे आणायचेत, पुन्हा ये. “मी म्हटलं, येते. चार माणसांत माझ्यावर आळ घातला, चार माणसांत काढ. मंग येते. तर तो म्हनतो, झालं गेलं विसर.” त्यांनी भुरीची शेपटी उचलून बघितली, खाली सोडली. “नाय काढला तर भट्टीचा ट्रक हाय दिवाळीनंतर. पन असाच नाय जायाची मी तिथं परत.”

मी म्हटलं, “मालक काढो न काढो, मी लिहिणार आहे. दिवाळी अंकात. तुमची चूक नव्हती, माझी होती. पुष्कळ लोक वाचतील.”

“मला कुठं वाचता येतं?” सोनीबाई म्हणाल्या. “माझ्या पाड्याला कुठं येतं? तू मला कागदावर बोललीस का तवा? तोंडानं बोललीस. आळ जसा गेला तसाच परत येतो. खोडाळ्याच्या बाजारात ये. मी काकड्या घेऊन बसते.”

मी गेले. कबूल करते, वाटेत जीपमध्ये दोनदा वाटलं की मोखाड्यालाच उतरावं. शेकडो लोकांना पत्रकं वाटणारी मी. शेवटी खोडाळ्यालाच उतरले.

सोनीबाई सुक्या मासळीच्या रांगेशेजारी काकड्यांचा ढीग मांडून बसल्या होत्या. पाड्यातल्या पाच-सहा बायका शेजारी. पलीकडे किराण्याच्या दुकानाच्या पायरीवर ते मालक, हातात साखरेची पिशवी. त्यांनी मला बघितलं आणि दुकानाच्या आत वळले. पण आत जागा नव्हती, पाठ बाहेरच राहिली.

मी काकड्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “सोनीबाईंची काही चूक नव्हती. त्यांनी मला...”

“ऐकू नाय येत गं,” एक म्हातारी म्हणाली. “काकडी कशी विचारते का ही?”

बायका हसल्या. एकीने विचारलं, “सशाची माफी मागतात का हल्ली?”

सोनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तराजू खाली ठेवला, पदर नीट केला आणि ताठ बसल्या. माझ्या मागे, किराणा दुकानाच्या दिशेने त्यांची नजर होती.

“मोठ्यानं बोल बाय,” त्या म्हणाल्या. “तवा तर मोठ्यानं बोलली होतीस.”

मी पिशवी खाली ठेवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.